सातबारावरचा एक आर, उपग्रहाचा एक पिक्सेल: नागपूर जिल्ह्यातल्या पिकावर आकाशातून नजर कशी ठेवायची

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे दहा बाय दहा मीटरचा तुकडा, १०० चौरस मीटर. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह जमिनीचं जे चित्र काढतात, त्यातला सगळ्यात लहान ठिपका, म्हणजे पिक्सेल, तोही दहा बाय दहा मीटरचाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण कळमेश्वर तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या काकांना ही विद्या समजावताना मला तोच कामी आला. "काका, तुमचं वावर १ हेक्टर ६० आर. म्हणजे वरून त्याचे १६० तुकडे दिसतात आणि दर पाच दिवसांनी प्रत्येक तुकड्याचा हिरवेपणाचा आकडा मिळतो." काकांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "अन् त्या तुकड्यात अळ्या किती, थे सांगते का तुहा उपग्रह?"

नाही सांगत. कोणता तुकडा शेजारच्या तुकड्यांपेक्षा मागे पडला आणि कधीपासून, एवढंच तो सांगतो. अळी आहे की पाणी साचलंय की मुळं कुजलीत, ते तिथे जाऊन पाहावं लागतं. चार एकरांत काका रोज धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फिरतात आणि धुऱ्याजवळचंच पाहतात. मधल्या भागात सोयाबीन कमरेला लागायला लागलं की कोण शिरतो? तिथे या चित्राचा उपयोग होतो.

खर्च शून्य आहे. एक साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि स्मार्टफोन पुरे. एक सल्ला मात्र आधीच देतो: शिकायला खरीप निवडू नका. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये आकाश इतकं भरलेलं असतं की महिन्यातून एखादं स्वच्छ चित्र मिळालं तरी नशीब. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हरभऱ्यावर किंवा गव्हावर हात बसवा, मग जूनला सोयाबीन-कपाशीकडे वळा.

आधी वावर नकाशावर आणा

महाभूनकाशा पोर्टलवर गावाचा नकाशा आणि गट नंबर दिसतो, पण त्यावरची रेष आणि प्रत्यक्षातला धुरा कित्येकदा जुळत नाहीत. उपग्रहाला कागदावरची नाही, पेरलेली हद्द हवी असते. म्हणून फोनमध्ये जीपीएसचा माग नोंदवणारं कोणतंही मोफत ॲप घ्या आणि वावराला एक फेरी मारा. मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक तीन ते पाच मीटरची असते. मग गूगल अर्थवर तो माग ठेवून, वरून दिसणाऱ्या धुऱ्याशी जुळवून हद्द नीट आखा आणि केएमएल फाइल म्हणून जतन करा. एकाच गटात अर्ध्यात कपाशी आणि अर्ध्यात सोयाबीन असेल तर दोन वेगळ्या हद्दी करा. हे न केल्याने पुढचं सगळं गणित बिघडतं, आणि बिघडलेलं कळतही नाही.

पुढचं काम क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. केएमएल उघडून ती यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून अंतर मीटरमध्ये मोजणारी पद्धत) झोन ४४ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४४ या प्रक्षेपात जतन करा. अख्खा नागपूर जिल्हा या पट्ट्यात बसतो. अमरावती शहर मात्र ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे, झोन ४३ मध्ये जातं, तेव्हा तिकडच्या सोयऱ्यांची फाइल उचलून तशीच वापरू नका.

आता हद्द आतल्या बाजूला दहा मीटर आक्रसा. बफर या साधनात उणे १० लिहिलं की झालं. काठावरच्या पिक्सेलमध्ये अर्धं पीक, अर्धा धुरा, वर बाभळीची सावली असं सगळं मिसळलेलं असतं. त्याचा आकडा कोणाचाच नसतो. याची किंमत मोठी आहे, हे आधी समजून घ्या. एक एकराचा चौकोनी तुकडा सुमारे ६४ मीटर बाजूचा. आक्रसल्यावर ४४ मीटर उरतो, म्हणजे ४० पिक्सेलमधले जेमतेम १९ हाती लागतात. वीस गुंठ्यांत सहाच उरतात. आणि वाटण्या होऊन २५ मीटर रुंदीचा लांबट पट्टा वाट्याला आला असेल तर एकही धड पिक्सेल मिळत नाही. तिथे उपग्रह विसरा, पायीच फिरा.

चित्र कुठून घ्यायचं

सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून एका जागेवरून दर पाच दिवसांनी जातात, सकाळी साडेदहाच्या आसपास. पहिला २०१५ मध्ये सोडला, दुसरा २०१७ मध्ये, आणि पहिल्याची जागा घ्यायला तिसरा २०२४ मध्ये. माहिती सर्वांना मोफत आहे. 'कोपर्निकस डेटा स्पेस'च्या संकेतस्थळावर ईमेल देऊन खातं उघडा, त्यातला ब्राउझर उघडा, नागपूरवर या, सेंटिनेल-२ मधला 'एल२ए' हा प्रकार निवडा. एल२ए म्हणजे हवेतल्या धुळीचा नि बाष्पाचा परिणाम काढून टाकलेलं चित्र. एल१सी म्हणजे तो न काढलेलं. पिकासाठी एल२एच घ्यायचं. ढगांची मर्यादा ३० टक्क्यांवर ठेवा, पण तिच्यावर फार विसंबू नका, कारण ती टक्केवारी शंभर किलोमीटरच्या अख्ख्या तुकड्याची असते. रामटेकवर ढग आणि कळमेश्वर लख्ख, असं नेहमी होतं.

आधी रंगीत चित्र डोळ्यांनी पाहा, मगच आकड्यांकडे जा. ढग पांढरा दिसतो, त्याचं काही नाही. दगा देते ती ढगाची सावली. पहिल्याच वर्षी मला काकांच्या हरभऱ्यात मोठा खराब डाग दिसला. मर रोग आला म्हणून मी सकाळी चहा न घेता गाडी काढली. हरभरा तरारून उभा! घरी येऊन पुन्हा पाहिलं तर आग्नेयेला विरळ ढगाचा एक चट्टा होता आणि माझा 'रोग' म्हणजे त्याची सावली. त्यानंतर मी एल२ए सोबत येणारा एससीएल नावाचा थर न चुकता उघडतो. त्यात प्रत्येक पिक्सेलला क्रमांक असतो: ३ म्हणजे सावली, ८ आणि ९ ढग, १० उंचावरचा विरळ ढग. हे चार क्रमांक असलेले पिक्सेल सरळ गाळायचे.

पाच दिवसांचं चक्र पक्कं असतं. एक तारीख कळली की कालनिर्णयावर पुढच्या तारखांना खूण करून ठेवा. घरातल्यांना वाटेल उपास धरलाय.

इस्रोचे रिसोर्ससॅट उपग्रहही याच कामाचे आहेत. त्यांची चित्रं भूनिधी पोर्टलवर मिळतात. एका वावरापेक्षा तालुकाभराचं चित्र पाहायचं असेल तर २३.५ मीटरचा लिस-३ आणि ५६ मीटरचा अविफ्स हे कॅमेरे चांगले. आपल्याकडे या विद्येची सुरुवातच पिकाच्या रोगापासून झाली, हे फार जणांना ठाऊक नसतं: १९७० च्या सुमारास हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने केरळातल्या नारळाच्या मूळ-मर रोगाचे फोटो हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर काढले होते. आणि नागपूर तर या क्षेत्राचं गावच म्हणायला हवं. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, इस्रोचं मध्य विभागीय केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, सगळ्या इथेच.

हिरवेपणाचा आकडा

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, त्यावर त्याचं अन्न शिजतं. आणि डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. पान आजारलं की लाल जास्त परततो, अवरक्त कमी. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो. सेंटिनेल-२ प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, मोजतो. त्यात लाल म्हणजे बँड ४ आणि निकट-अवरक्त म्हणजे बँड ८.

दाट सोयाबीनमध्ये अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०४ असेल तर ०.४१ भागिले ०.४९, म्हणजे ०.८४. मागे पडलेल्या जागी ०.३० आणि ०.१० असेल तर ०.५०. उघड्या काळ्या मातीत ०.१४ आणि ०.१० धरले तर ०.१७ येतो. पाण्यावर आकडा शून्याखाली जातो.

ब्राउझरमध्ये एनडीव्हीआय आयता निवडता येतो. पण पूर्ण चित्र उतरवून क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये स्वतः काढणार असाल तर एक खाचखळगा सांगतो, मी त्यात आपटलो आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते आधी वजा करून मग १०,००० ने भागायचं. मी वजाबाकी विसरलो, तेव्हा ०.८४ चा गहू मला ०.५९ दिसला. आदल्या वर्षांशी तुलना करून, गव्हाला झालं तरी काय म्हणून एक अख्खी संध्याकाळ घालवली. गूगल अर्थ इंजिन वापरणाऱ्यांनी 'हार्मोनाइज्ड' असं नाव असलेला संचच घ्यावा, त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

एनडीव्हीआयच्या जोडीला आणखी दोन आकडे ठेवा. बँड ८ आणि बँड ५ वापरून एनडीआरई निघतो. पीक दाट झाल्यावर एनडीव्हीआय ०.८५ च्या आसपास जाऊन थबकतो, चांगलं आणि फार चांगलं यातला फरक त्याला कळत नाही. एनडीआरईला तेव्हाही थोडा कळतो, आणि पानाचा हिरवा रंग फिकटू लागला की तो लवकर घसरतो. दुसरा एनडीएमआय, बँड ८ए आणि बँड ११ मधून, पानातल्या पाण्याचा. यातले ५, ८ए आणि ११ हे बँड २० मीटरचे आहेत, म्हणजे चार आरांचा मिळून एक आकडा, हे लक्षात असू द्या.

पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात यातल्या कशावरही फार भरवसा ठेवू नका. तेव्हा चित्रात पिकापेक्षा माती जास्त असते आणि आपली काळी माती पाऊस पडला की रंग बदलते. त्या काळासाठी एसएव्हीआय बरा, तो मातीचा परिणाम कमी करतो. पण खरं सांगायचं तर पंधरा दिवसांच्या पिकात नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) किती पडले हे तासातासाने, म्हणजे ओळीओळीने, चालून पाहणंच सोपं.

आकडा वाचायचा कसा

"माझा एनडीव्हीआय ०.६८ आहे, चांगला की वाईट?" असं लोक विचारतात. याला उत्तरच नाही. ०.६८ हा चाळीस दिवसांच्या सोयाबीनला ठीक, साठ दिवसांच्या सोयाबीनला कमी आणि हरभऱ्याला उत्तम. आकडा एकटा मुका असतो, तुलना केली की बोलतो. तुलना तीन तऱ्हेच्या.

पहिली, वावराची वावराशी. त्या दिवशीच्या आपल्या सगळ्या पिक्सेलचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा, क्यूजीआयएसचं झोनल स्टॅटिस्टिक्स हे साधन तो देतं. मग प्रत्येक पिक्सेल मध्यकापेक्षा किती खाली, ते रंगवा. माझा स्वतःचा ठोकताळा असा: ०.१० पेक्षा जास्त खाली, लागून लागून निदान चार पिक्सेल, आणि सलग दोन चित्रांत तीच जागा, तरच गाडी काढायची. एकटा पिक्सेल लाल दिसला तर ती बहुतेक विहीर, बांडगुळाने खाल्लेलं आंब्याचं झाड नाहीतर कोणीतरी रचलेली गंजी असते.

दुसरी, शेजाऱ्याशी. त्याच आठवड्यात पेरलेली, तेच पीक असलेली आजूबाजूची चार-पाच वावरं घ्या. सगळीच घसरली तर कारण आभाळात आहे, पावसाची ओढ किंवा अतिवृष्टी. तुमचंच घसरलं तर कारण तुमच्या वावरात आहे. हा एक फरक ओळखता आला तरी कृषी सेवा केंद्रातून उगाच आणलेल्या एका औषधाचे पैसे वाचतात.

तिसरी, काळाशी. दर चित्राचा मध्यक वहीत तारखेसमोर लिहा आणि आलेख काढा. सोयाबीनची रेष जूनअखेरीस ०.२ वरून निघते, चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवशी तासं मिळाली की ०.७ ओलांडते, साठाव्या दिवसाच्या आसपास ०.८ च्या वर पोचते, आणि सप्टेंबरअखेर पानं पिवळी पडली की कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. कपाशी सावकाश चढते आणि ऑक्टोबरपर्यंत टिकते. सोयाबीनमध्ये तुरीची तासं असतील तर सोयाबीन निघाल्यावर रेष पडते, पण जमिनीला टेकत नाही, कारण खाली दडलेली तूर आता उजेडात येते. हरभरा डिसेंबरअखेर ते जानेवारीत माथ्यावर. या रेषेचा आकार तुम्हाला दोन हंगामांत पाठ होतो. मग सोयाबीनची रेष सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात खाली वळताना दिसली की पोटात गोळा येतो. २०२३ च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकने अशीच वावरंच्या वावरं वेळेआधी पिवळी केली.

दोन फसव्या गोष्टी. उपग्रहाला हिरवं म्हणजे हिरवं. डवरणी झाली नाही आणि तासांत गवत माजलं तर आकडा वर जातो आणि तुम्ही खूश होता. दुसरी गोष्ट कपाशीची. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं आतून खाल्ली, तेव्हा पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, बाहेरून हिरवीगार होती. वरून पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. बोंडअळीसाठी कामगंध सापळेच लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की उपाययोजना करायची. काकांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं कपाशीपुरतं उत्तर हेच आहे.

मग पायी जा

मागे पडलेल्या डागाचा मध्यबिंदू फोनमध्ये टाकून घ्या. जाताना एक चांगल्या जागेचा बिंदूही घ्या. हे दुसरं काम सगळे टाळतात आणि तिथेच चुकतात. चांगलं कसं दिसतं हे त्याच दिवशी डोळ्यांखालून गेलं नाही तर वाईटाचं कारण सापडत नाही.

दोन्ही ठिकाणी पाच-पाच झाडं उपटा. मुळांवर गाठी आहेत का, मुळं काळी पडलीत का पाहा. खोड उभं चिरा: आतून लालसर पोखरलेलं असेल तर खोडमाशी, खोडावर दोन समांतर गोल खाचा असतील तर चक्रीभुंगा. पानाखाली पांढरी माशी आणि पानावर पिवळे चट्टे असतील तर मोझॅक. काहीच नसेल तर हातभर खड्डा खणा. ओल किती, माती घट्ट आहे का, पाणी चिबडलंय का. फोटो काढा, तारीख आणि जागेसकट. चार हंगाम झाले की ही फोटोंची वही तुमच्या गावापुरती कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाची होते.

खरिपातले ढग आणि रडार

ढगांतून पाहणारा उपग्रह आहे: सेंटिनेल-१. तो स्वतः रडारच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. रात्र असो की पाऊस, त्याला फरक पडत नाही. तोही मोफत. पण त्याचं चित्र करडं नि खसखस पेरल्यासारखं दिसतं, आणि ते वाचायला सराव लागतो. हौशी माणसाने दोन कामांपुरतंच वापरावं असं माझं मत.

एक म्हणजे धान. मौदा, रामटेक, पारशिवनी भागात पेंचच्या पाण्यावर रोवणी होते. पाण्याने भरलेली बांधी (धानाचा बांध घातलेला तुकडा) रडारच्या लहरी आरशासारख्या पलीकडे फेकते, उपग्रहाकडे काहीच परतत नाही, म्हणून ती काळीभोर दिसते. रोप वाढत गेलं की हळूहळू उजळते. सेंटिनेल-१ च्या चित्रातला व्हीएच नावाचा थर घेऊन जुलैपासूनची चित्रं एकापुढे एक ठेवली तर कोणत्या आठवड्यात कुठवर रोवणी सरकली ते दिसतं. बांध्या फार लहान असल्या तर एकेकीचा हिशेब नको, चार-सहा बांध्यांचा मिळून घ्या.

दुसरं, अतिवृष्टीनंतर नाल्याकाठच्या वावरांत पाणी किती पसरलं ते. पण रडारने नेमकं पाणी उभं असतानाच तिथून जायला हवं. बहुतेकदा तो येईस्तोवर पाणी ओसरलेलं असतं.

संत्र्याची बाग

काटोल-नरखेडकडचे लोक हे विचारतातच. बागेत झाडं सहा बाय सहा मीटरवर असतात, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जेमतेम तीन झाडं आणि बाकी जमीन. पावसाळ्यात त्या जमिनीवर गवत असतं, आणि मरायला टेकलेली बागही हिरवीगार दिसते. बागेची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये घ्या. गवत वाळलेलं, आभाळ स्वच्छ, जे हिरवं दिसतं ते झाडच. दर वर्षी एप्रिलच्या त्याच आठवड्यातलं एक चित्र जपून ठेवा आणि या वर्षीच्या आकड्यातून तीन वर्षांपूर्वीचा वजा करा. जिथे घसरण दिसेल तिथल्या झाडांच्या बुंध्याशी बसून डिंक्या (बुंध्यातून डिंक गळवणारा रोग) पाहा. बागेत पाणी साचणाऱ्या खोलगट बाजूलाच तो बहुधा सापडतो.

आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून ताण देता, तेव्हा एनडीएमआय खाली उतरताना दिसायला हवा. बागेचा एखादा कोपरा उतरत नसेल तर तिथे कुठून तरी पाणी मुरतंय: शेजाऱ्याचा पाट, फुटलेली नळी. ज्या बागेवर मी हे करून पाहिलं तिथे ठिबकची एक उपनळी गळत होती, आणि त्या रांगांना फूल कमी लागल्याचं कारण मालक वर्षभर खतात शोधत होते.

उत्पादनाचा अंदाज

उपग्रह क्विंटल मोजत नाही. तो हिरवेपणा मोजतो, आणि हिरवेपणा व दाणे यांचं नातं तुम्हाला तुमच्या वावरात स्वतः जुळवावं लागतं. सोयाबीनचं उदाहरण घेऊ.

शेंगा भरत असताना, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं स्वच्छ चित्र घ्या. वावराचे तीन भाग करा: जोमदार, मध्यम, कमजोर. कापणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक भागात निदान तीन जागा निवडा, काठापासून दूर, आजूबाजूचे पिक्सेलही त्याच रंगाचे असतील अशा. एक मीटरची चौकट टाकू नका. सोयाबीनची तासं ४५ सेंटीमीटरवर असतात, चौकटीत कधी दोन तासं येतात कधी तीन, आणि आकडा दीडपट चुकतो. त्याऐवजी शेजारशेजारची दोन तासं पाच-पाच मीटर कापा. दहा मीटर गुणिले ०.४५, म्हणजे साडेचार चौरस मीटर. झोडपून, वाळवून दाणे तोला.

समजा जोमदार भागात सरासरी ९९० ग्रॅम भरले. साडेचारने भागले की चौरस मीटरला २२० ग्रॅम, म्हणजे एका आराला २२ किलो. मध्यम भागात ७२० ग्रॅम, आराला १६ किलो. कमजोर भागात ४०५ ग्रॅम, ९ किलो. चित्रात जोमदार ६० आर, मध्यम ७० आर आणि कमजोर ३० आर निघाले असतील तर १३२० अधिक ११२० अधिक २७०, एकूण २७१० किलो. १ हेक्टर ६० आरात सत्तावीस क्विंटल, एकरी सातच्या जरा आत. कापणी-मळणीतली गळ यातून वजा होईल.

याच्या पुढची पायरी हवी असेल तर त्या नऊ जागांचे एनडीव्हीआय आणि किलो एक्सेलमध्ये समोरासमोर मांडून रेष काढा. ०.६२ ला ९, ०.७४ ला १६ आणि ०.८४ ला २२ किलो असतील तर दर ०.०१ ला साधारण ०.६ किलो वाढ दिसते. आता प्रत्येक पिक्सेलचा किलोंमधला आकडा काढता येतो आणि १६० आरांची थेट बेरीज करता येते. थ्रेशरवर प्रत्यक्ष पोती किती भरली, ते याच्यापुढे लिहाच. पहिल्या वर्षी अंदाज वीस टक्क्यांनी चुकला तरी वही फेकू नका. एका वर्षाची रेष दुसऱ्या वर्षी जशीच्या तशी लागू पडत नाही. शेंगा भरताना पाऊस दडला तर त्याच हिरवेपणात दाणा बारीक राहतो.

गव्हाला ही पद्धत छान बसते, हरभऱ्याला बऱ्यापैकी. कपाशीला बसत नाही. वेचण्या तीन-चार, आणि युरिया जास्त पडून माजलेली पराटी बोंडं कमी धरते पण चित्रात पहिला नंबर पटकावते.

सरकारी पातळीवरही हेच चालतं, मोठ्या प्रमाणावर. दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून हे काम करतं. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून धान आणि गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाने काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचं ठरलं. त्यामुळे ई-पीक पाहणीत पीक बरोबर नोंदवणं आणखी महत्त्वाचं झालंय. आणि एक गैरसमज: तुम्ही घरी काढलेला नकाशा म्हणजे विम्याचा दावा नव्हे. महाराष्ट्रात २०२४ पर्यंत नुकसान झालं की ७२ तासांत सूचना द्यावी लागायची. पाच दिवसांनी येणाऱ्या चित्राची वाट पाहत बसलं तर मुदत निघून जायची.

तीन वर्षांनंतर

दर हंगामातलं एक उत्तम चित्र, मध्यकापेक्षा वर-खाली असं रंगवलेलं, एका फोल्डरमध्ये ठेवत जा. तीन वर्षांची सहा-सात चित्रं एकावर एक ठेवली की रोग-किडीचे डाग पुसट होतात, कारण ते दर वर्षी जागा बदलतात. जो डाग प्रत्येक चित्रात तिथेच आहे तो मातीचा. मातीचा नमुना वावरभरातून एकत्र करून न पाठवता अशा डागातला वेगळा आणि चांगल्या भागातला वेगळा पाठवा.

काकांच्या वावरात असा डाग पूर्वेच्या बाजूला निघाला, जवळजवळ बारा आरांचा. हरभरा असो की सोयाबीन, तिथे कमीच. काका म्हणत होते, "तिथं बाप्पा आमच्या आजापासून कमीच पिकते." कुदळ घेऊन गेलो. वावरात इतरत्र हाताला काळी माती लागत जाते, तिथे वीतभर खाली मुरूम लागला. आता त्या बारा आरांत काका महागडं खत टाकत नाहीत. तिथे तूर लावली आहे, आणि यंदा एप्रिलमध्ये नाल्यातला गाळ आणून टाकायचा म्हणतात. गाळ टाकण्याआधीचं चित्र मी जपून ठेवलंय.